सहकुटुंब सहलीचा जमाखर्च

गांवच्या जत्रेंत मूल पाळण्यांत बसलें म्हणजे पाळणेवाला त्या फेरीपुरते पैसे घेतो. जो बसला त्याचेच पैसे, असा तो सरळ व्यवहार. आजोबा कडेला उभे राहून नुसतें पाहत असले, तर त्याबद्दल त्यांस कांहीं द्यावें लागत नाहीं. परंतु ज्यांस थीम पार्क म्हणतात, त्या मोठ्या मनोरंजनोद्यानांची रीत निराळी आहे. तेथें बहुधा दारांतच सबंध दिवसाचें एकरकमी तिकीट काढावें लागतें. मग आंत जाऊन वीस खेळ खेळा कीं एकहि खेळूं नका. एवढा एक भेद नीट ध्यानांत घेतला, तर एकत्र कुटुंबाचीहि अशी सहल आंवांक्यांत आणतां येते, असें आमचें मत आहे.

ही एकरकमी रीत तेथेंहि सर्वत्र आरंभापासून नव्हती. अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील ॲनाहाइम येथें १७ जुलै १९५५ रोजीं वॉल्ट डिस्ने यांनीं डिस्नेलँड उघडलें, तेव्हां प्रवेशाचे पैसे वेगळे व खेळांचे वेगळे घेत. पुढें खेळांच्या प्रती ठरवून तिकिटांचीं पुस्तकें काढण्यांत आलीं. ‘ए’ प्रतीचे खेळ साधे, तर ‘ई’ प्रतीचे सर्वांत चढे. १९८२ सालीं तीं पुस्तकें बंद होऊन सर्व खेळांस मिळून एकच तिकीट झालें. आपल्याकडे मुंबईजवळ गोराई येथें १९८९ सालीं निघालेलें एस्सेल वर्ल्ड २०२२ सालीं बंद झालें. मुंबई-पुण्याच्या कुटुंबांस हल्लीं सोयीचें म्हणजे रायगड जिल्ह्यांत खोपोली-पाली रस्त्यावर २०१३ सालीं उघडलेलें इमॅजिका. तेंच उदाहरण आपण पुढें धरूं.

प्रथम साधा हिशेब पाहा. केवळ गणिताच्या सोयीसाठीं एक तिकीट दीड हजार रुपयांचें धरूं. घरचीं बारा माणसें गेलीं. त्यांपैकीं आजी-आजोबा बांकावर बसून राहिले आणि धाकटी सून तान्हें मूल व पिशव्या सांभाळीत त्यांच्याशेजारीं बसली. म्हणजे साडेचार हजार रुपये बांकावर बसण्याचे पडले. तिकिटावर शेंपन्नास रुपयांची सूट शोधणारे कर्ते पुरुष या साडेचार हजारांकडे पाहतहि नाहींत.

यावर उपाय घरींच, निघण्यापूर्वी करावा. वडील मंडळींस आंत यावयाचें आहे काय, हें त्यांनाच विचारावें. त्यांच्या वतीनें आपण ठरवूं नये. नातवंडांचे चेहरे पाहण्याची हौस असेल, तर त्यांचें तिकीट अवश्य काढावें; तो खर्च वायां गेला असें कोणी म्हणूं नये. ज्येष्ठांस व लहान मुलांस सवलत असते, तिची आधीं चौकशी करावी. पण आंत जाण्याचें त्यांच्या मनांत नसेल, तर खोपोलीजवळ महडचा वरदविनायक आहे आणि त्याच रस्त्यानें पुढें पालीचा बल्लाळेश्वर आहे. एखाद्या जाणत्या माणसाच्या सोबतीनें त्यांचें निवांत दर्शन होतें, आणि अष्टविनायकांपैकीं दोन स्थानें घडल्याचें समाधान लाभतें.

आतां सुनेची गोष्ट. बहुतेक घरांत सहलीचा दिवस तिला स्वयंपाकघराच्या दिवसापेक्षां निराळा जात नाहीं. फक्त चूल नसते, एवढेंच. तिचेंहि तिकीट काढलें आहे, तेव्हां दिवसांत तिचाहि वांटा आहे. मूल सांभाळण्याच्या पाळ्या घड्याळ लावून ठरवाव्या, आणि पहिली पाळी मुलाच्या बापानें घ्यावी.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. एका घरांत दोन भाऊ असतात, पण दोघांची प्राप्ति सारखी नसते. दारापर्यंत सगळीं मुलें एक असतात; आंत गेल्यावर एकाचा बाप आइस्क्रीम घेऊन देतो आणि दुसऱ्याचा बाप खिसा चांचपतो. मुलांस हें तत्काळ कळतें व पुष्कळ वर्षें स्मरतें. म्हणून तिकिटें, खाणें व वाहन या सर्वांचा खर्च एका सामाईक पेटींतून करावा. तींत ज्यानें त्यानें आपल्या ऐपतीप्रमाणें घालावें. कोणीं किती घातलें हें मुलांच्या कानीं जाऊं नये. आंत गेल्यावर कोणीहि स्वतंत्र खरेदी करूं नये. पैसे कमी पडत असतील, तर सहल सहा महिने पुढें ढकलावी. पण कोणाचें मूल घरीं ठेवून काटकसर करूं नये.

राहिला वेळेचा विचार. समजा, एका खेळांत दर तीन मिनिटांस चोवीस माणसें बसतात, म्हणजे तासास चारशें ऐशीं. पुढें दोनशें चाळीस माणसें असलीं, कीं दोन मिनिटांच्या मौजेसाठीं अर्धा तास उभें राहणें आलें. सूचीकटाहन्याय असें सांगतो कीं, आधीं सुई करावी व मग कढई. म्हणजे लहान काम अगोदर उरकावें. येथें नेमकें उलट करावें. दार उघडतांच मोठ्या खेळांकडे जावें व लहान खेळ दुपारीं घ्यावे. कित्येक मोठ्या खेळांस उंचीची अट असते, यास्तव मुलांची उंची घरच्या भिंतीशीं मोजून ठेवावी. नाहींतर अर्धा तास रांगेंत उभें राहून मूल रडत परतावयाचें.

बाहेरचें खाणें आंत बहुधा नेऊं देत नाहींत. म्हणून दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या व लोणचें गाडींत घेऊन दारापाशींच न्याहरी उरकावी. मग आंत एक वेळचें खाणें पुरतें. तान्ह्याचें दूध व औषधें यांविषयीं आधीं विचारून ठेवावें. इमॅजिकाशेजारचें जलक्रीडेचें उद्यान निराळें आहे. दोन्हीं एका दिवसांत साधण्याचा हव्यास धरूं नये. शनिवार, रविवार व मे महिना टाळून शाळेच्या सुट्टींतील एखादा आडवार धरावा. त्या दिवशीं रांगहि लहान असते व बहुधा तिकीटहि उतरतें. लहान कुटुंबास कर्जतवरून खोपोलीची लोकल बरी, मात्र पुढें वाहन करावें लागतें. दहाबारा माणसांस दिवसभराची गाडीच परवडते.

परतल्यावर जमाखर्च लिहितांना रुपयांच्या आंकड्याखालीं आणखी एक ओळ लिहावी: आज बांकावर कोण बसून राहिलें? ती जागा कोरी राहिली, तर सहल स्वस्तांत झाली असें खुशाल समजावें.