विश्लेषण : ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारे नेव्हिल डिसूझा फुटबॉलप्रेमींना अजूनही का आठवतात?

पुण्याच्या मंडईत कुणालाही फुटबॉलमधील मोठी नावे विचारली, तर पेले, मॅराडोना, मेसी ही नावे चटकन येतील. मुंबईच्या मैदानांवर घडलेल्या नेव्हिल डिसूझा यांचे नाव मात्र जुन्या पिढीतल्या एखाद्यालाच आठवेल. मार्च १९८० मध्ये, वयाच्या ४७व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तरीही भारतीय फुटबॉलच्या सुवर्णकाळाचा विषय निघाला की चर्चा त्यांच्यापाशी येतेच. असे का?

नेव्हिल डिसूझा कोण होते?

मूळचे गोव्यातील आसगावचे असलेले डिसूझा आघाडीच्या फळीतील खेळाडू होते. त्या काळी मुंबईत कंपन्यांच्या संघांचा दबदबा होता. नोकरी आणि फुटबॉल दोन्ही एकाच ठिकाणी मिळे. डिसूझा टाटा स्पोर्ट्स क्लब आणि कॅल्टेक्स या संघांकडून खेळले. १९५४ मध्ये संतोष करंडक जिंकणाऱ्या मुंबईच्या संघात ते होते. १९५८ मध्ये कॅल्टेक्सने रोव्हर्स चषक जिंकला, त्यातही त्यांचा वाटा होता.

मेलबर्नमध्ये काय घडले?

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला होता. तेव्हा भारताचे अनेक खेळाडू अनवाणी खेळले होते. चार वर्षांनी प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांचा संघ मेलबर्नला गेला. कर्णधार होते समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी.

पहिल्या फेरीत हंगेरीने माघार घेतल्याने भारताला पुढे चाल मिळाली. १ डिसेंबर १९५६ रोजी गाठ पडली ती यजमान ऑस्ट्रेलियाशी. डिसूझा यांनी दोनदा आघाडी मिळवून दिली, पण दोन्ही वेळा ऑस्ट्रेलियाने बरोबरी साधली. मध्यंतरानंतर त्यांनी तिसरा गोल केला. चौथा गोल कृष्णस्वामी ऊर्फ ‘किट्टू’ यांचा. भारत ४-२ असा जिंकला आणि ऑलिम्पिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचणारा आशियातील पहिला संघ ठरला. ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारे पहिले आशियाई खेळाडू, अशी डिसूझा यांची नोंद झाली.

उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया समोर होता. मध्यंतरापर्यंत गोलफलक कोरा राहिला. त्यानंतर पहिला गोल केला तो डिसूझा यांनीच. काही मिनिटे भारत अंतिम फेरीच्या वाटेवर होता. पुढे युगोस्लाव्हियाने सामना ४-१ असा जिंकला. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने भारताला ३-० असे हरवले. चौथा क्रमांक ही ऑलिम्पिक फुटबॉलमधील भारताची आजवरची सर्वोत्तम कामगिरी आहे. स्पर्धेत सर्वाधिक, प्रत्येकी चार गोल करणाऱ्या तिघांमध्ये डिसूझा होते.

त्यांचा गौरव झाला का?

अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाले. फुटबॉलसाठीचा पहिला पुरस्कार मेलबर्नच्याच संघातील पी. के. बॅनर्जी यांना, तर दुसऱ्या वर्षी तुलसीदास बलराम यांना मिळाला. डिसूझा यांच्या वाट्याला हा पुरस्कार कधीच आला नाही. त्यांच्या काळी सामने घरोघरी दाखवणारी दूरचित्रवाणी नव्हती. त्यामुळे त्यांचा खेळ उरला तो वृत्तपत्रांतील वर्णनांत आणि कूपरेज मैदानावर सामने पाहिलेल्या प्रेक्षकांच्या आठवणींत.

आता आठवण कशी निघते?

बहुतेक वेळा कुणाच्या तरी निधनाच्या बातमीने. मार्च २०२० मध्ये पी. के. बॅनर्जी, ऑगस्ट २०२१ मध्ये टाटा संघातले गोलरक्षक एस. एस. नारायण, ऑगस्ट २०२२ मध्ये कर्णधार बद्रू, तर फेब्रुवारी २०२३ मध्ये बलराम गेले. आदरांजली वाहताना मेलबर्नचा उल्लेख आला, की ‘त्या सामन्यातले तीन गोल कुणाचे?’ हा प्रश्न ओघानेच येतो. २०२४ मध्ये आलेल्या रहीम यांच्यावरील ‘मैदान’ या हिंदी चित्रपटामुळेही हा काळ नव्या पिढीसमोर आला.

आज याचे महत्त्व काय?

१९६० च्या रोम ऑलिम्पिकनंतर भारताचा पुरुष फुटबॉल संघ ऑलिम्पिकसाठी पात्र ठरलेला नाही. म्हणजे डिसूझा यांची बरोबरी करायची, तर आधी तिथे पोहोचावे लागेल. मेलबर्नच्या संघातील एकेक साक्षीदार जात असताना, त्या पिढीकडे काही सांगण्यासारखे असेल तर ते आत्ताच टिपून ठेवायला हवे.