रायगडाचे संग्रहालय कुठे असावे?

१९७४ साली चीनमधल्या शीआन शहराजवळ काही शेतकरी विहीर खणत होते, तेव्हा त्यांच्या कुदळींना भाजलेल्या मातीच्या मूर्तींचे तुकडे लागले. इसवी सनापूर्वी २१० मध्ये मरण पावलेल्या छिन शी हुआंग या पहिल्या सम्राटाच्या कबरीच्या राखणीसाठी पुरलेली ती मातीची सेना होती. मूर्ती राजधानीत नेऊन कपाटांत मांडण्याऐवजी चिनी सरकारने त्या खड्ड्यांवरच प्रचंड छप्पर घातले आणि १९७९ मध्ये तिथेच संग्रहालय उघडले. जगभरचे लोक ते पाहायला जातात. पण तिथला याहून मोठा निर्णय डोळ्यांना दिसत नाही. सैनिकांच्या खड्ड्यांपासून सुमारे दीड किलोमीटरवर सम्राटाच्या कबरीचा मातीचा उंचवटा आहे, आणि त्याचा गाभा आजही उघडलेला नाही. या संयमामागे अनुभव आहे. बीजिंगजवळची मिंग सम्राट वानली याची कबर १९५६ पासून खणली गेली. आतली रेशमी वस्त्रे हवा लागताच कडक होऊन विटली आणि पुढे सांस्कृतिक क्रांतीच्या धुमाळीत, १९६६ मध्ये, खुद्द सम्राटाच्या अस्थी जाळल्या गेल्या. मातीच्या सैनिकांवरचे मूळ रंगही बाहेरची कोरडी हवा लागताच पाहता पाहता सुटून गेले. उघडलेली जमीन पुन्हा पूर्ववत करता येत नाही, हे चीन किंमत मोजून शिकला.

हा धडा आपल्याला महाड तालुक्यातच उपयोगी पडणार आहे. रायगडावर उत्खनन सुरू आहे. २०२१ मध्ये सोन्याची बांगडी आणि २०२५ मध्ये ग्रहताऱ्यांचे वेध घेण्याचे यंत्र सापडल्याच्या बातम्या आल्या. २०१७ मध्ये राज्याने गडाच्या संवर्धनासाठी ६०६ कोटींचा आराखडा मंजूर केला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत रायगड आहे. सापडलेल्या वस्तू ठेवायच्या कुठे आणि गड लोकांना समजावून सांगायचा कसा, हे प्रश्न आता टाळता येणार नाहीत. माझे म्हणणे असे, की रायगडाला उत्तम संग्रहालय हवे, पण ते गडमाथ्यावर नको. ते गडाच्या पायथ्याच्या पाचाड गावी असावे. माथ्यावरचे चौथरे, जोती, टाकी आणि समाधी जागच्या जागी राखावीत. आणि न खणलेली जमीन हीसुद्धा ठेव मानून पुढच्या पिढ्यांसाठी बरीचशी तशीच सोडावी.

याचे पहिले कारण निसर्गाचे आहे. शीआनच्या मानाने महाड भागात कितीतरी पटींनी पाऊस पडतो. वर्षाची सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जाते. वाऱ्यापावसाने झोडपल्या जाणाऱ्या माथ्यावर काचेचे किंवा पत्र्याचे भव्य छप्पर उभे करायचे, तर त्याचे पाये खोल घ्यावे लागतील, आणि ते ज्या मातीत जातील तिच्यातच इतिहासाचे थर आहेत. पुरावा राखायला निघून पुराव्यावरच घाव घालणे हे शहाणपण नव्हे. मग महाड शहरात संग्रहालय करावे का? सावित्री आणि गांधारीच्या काठच्या या बाजारपेठेने २२ जुलै २०२१ चा पूर पाहिला आहे. त्याच दिवशी तळीये गावावर दरड कोसळली आणि ८० हून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. म्हणून पाचाडलासुद्धा आधी भूगर्भतज्ज्ञांकडून डोंगरउताराची तपासणी, आणि मगच पाया, असाच क्रम हवा.

दुसरे कारण पुराव्याचे आहे. अनेकांना मनापासून वाटते, की राजवाडा आणि राजसदर होती तशी पुन्हा बांधावी. ६ जून १६७४ रोजी जिथे राज्याभिषेक झाला तिथे आज उघडे चौथरे दिसतात, याचे दुःख खरे आहे. पण मे १८१८ मध्ये इंग्रजांनी पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या, त्या आगीत लाकडी इमले जळाले. खांब किती उंच होते, तुळया कशा बसवल्या होत्या, छपराचा उतार केवढा होता, हे ठामपणे सांगण्याइतका पुरावा हाती नाही. अंदाजाने बांधलेल्या वाड्याखाली खरा चौथरा झाकला गेला, की पुढच्या पिढीला खरे कोणते आणि आपली कल्पना कोणती हे ओळखता येणार नाही. ही हौस पाचाडच्या दालनात प्रतिकृती करून भागवावी, आणि त्यातला कोणता भाग पुराव्याने सिद्ध आहे, कोणता तर्काचा, हे तिथेच स्पष्ट लिहावे.

तिसरा मुद्दा सर्वांत नाजूक आहे. छत्रपतींची समाधी हे श्रद्धास्थान आहे. परक्या सम्राटाच्या कबरीशी तिची तुलना कशाला, असे कोणी विचारील. आक्षेप योग्य आहे आणि माझ्या म्हणण्याला तो बळच देतो. छिन सम्राटाची कबर माणसांच्या नजरेपासून लपवलेली होती. तिथे आज कोणाची जिवंत भक्ती नाही, म्हणून तिच्या परिसराचे प्रदर्शन होऊ शकले. ३ एप्रिल १६८० रोजी महाराज गेले, तेव्हापासूनचा समाधीचा इतिहास वेगळा आहे. तिची उपेक्षाही झाली. जेम्स डग्लस या इंग्रज लेखकाने १८८३ मध्ये त्याबद्दल खंत लिहून ठेवली. लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने १८९५ मध्ये स्मारकाची चळवळ उभी राहिली आणि १९२६ च्या सुमारास समाधीवर आजची छत्री झाली. लोकांनी वर्गणी काढून, आपले मानून राखलेली ही जागा आहे. तिथे दर्शन असावे. तिकिटाची खिडकी, काचेची भिंत, ध्वनिप्रकाशाचा खेळ यांना समाधीजवळच्या जगदीश्वर मंदिराच्या आवारात जागा नाही.

मग सापडलेल्या वस्तू मुंबईच्या किंवा पुण्याच्या सुसज्ज संग्रहालयात ठेवल्या तर काय बिघडेल? सुरक्षितता मिळेल, पण अर्थ विरळ होईल. साधे कौल घ्या. ते जळक्या मातीच्या थरात, अमुक वाड्याच्या जोत्यापाशी सापडले, तर १८१८ च्या आगीचा तो साक्षीदार ठरू शकतो. दूरच्या कपाटात ते नुसते कौल उरते. पाचाडला ते पाहून माणूस तासाभरात रोपवेने त्याच जोत्याशी उभा राहू शकतो. ज्याला गड चढवत नाही, त्यालाही निदान पायथ्याशी गड कळतो. शिवाय पाचाड नुसता पायथा नाही. राज्याभिषेकानंतर अवघ्या ११ दिवसांनी, १७ जून १६७४ रोजी, जिजाऊसाहेबांनी इथेच देह ठेवला. त्यांची समाधी आणि वाड्याचे अवशेष इथे आहेत. पोलादपूर तालुक्यात उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे, पोलादपुरात शिवभारतकार कवींद्र परमानंदांची. पाचाडच्या संग्रहालयाने या सगळ्या जागा एका वाटेत गुंफल्या, तर माता, राजा, सरदार आणि कवी अशी स्वराज्याची माणसे एकत्र भेटतील.

सुरुवात इमारतीपासून करू नये. आधी सापडलेल्या प्रत्येक वस्तूची थर, जागा आणि छायाचित्रासह नोंद मराठीतून सर्वांना पाहायला मिळावी. मग महाड-पोलादपूरच्या मुलामुलींना उत्खनन, जतन आणि माहिती सांगण्याचे शिक्षण देऊन पगारी कामावर घ्यावे. इमारत त्यानंतर यावी, लहान आणि डोंगराला न जाचणारी. रायगड हा मूळ दस्तऐवज आहे. संग्रहालयाने तो वाचायला शिकवावे, त्याच्यावर स्वतःची शाई सांडू नये.