मासिक पाळीशी निगडित अर्धशिशी : संप्रेरकीय कारणमीमांसा व काही व्यावहारिक प्रश्न

प्रस्तावना :

‘पित्ताने डोके उठले’ हे वाक्य महाराष्ट्रातील घराघरांत इतके सवयीचे झाले आहे की त्यामागे चेतासंस्थेचा एखादा स्वतंत्र विकार असू शकेल, अशी शंकाही सहसा कोणास येत नाही. डोक्याची एक बाजू ठणकते, उजेड व आवाज सहन होत नाही, मळमळते, उलटी झाली की थोडे हलके वाटते. आणि उलटीत पित्त पडले म्हणून दुखण्याचे कारणही पित्तच, असा निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः मळमळ व उलटी ही अर्धशिशीची लक्षणे होत, कारणे नव्हेत. सुश्रुतसंहितेने अकरा शिरोरोगांमध्ये ‘अर्धावभेदक’ हा वेगळा गणला होता, हे या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे. मात्र स्त्रियांमधील अर्धशिशीचा मासिक पाळीशी असलेला संबंध समजून घेण्यासाठी विसाव्या शतकातील संप्रेरकशास्त्राची वाट पाहावी लागली. तो संबंध विशद करणे व त्यातून उद्भवणाऱ्या काही व्यावहारिक प्रश्नांकडे लक्ष वेधणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. लेखिका जीवशास्त्राची अध्यापक आहे, चिकित्सक नाही. त्यामुळे येथील औषधांचे उल्लेख माहितीपुरते समजावेत.

व्याप्ती व व्याख्या :

बालवयात मुलगे व मुली यांच्यातील अर्धशिशीचे प्रमाण जवळजवळ सारखे असते. वयात आल्यानंतर चित्र पालटते आणि प्रौढ स्त्रियांमध्ये हे प्रमाण पुरुषांच्या सुमारे तिप्पट होते. कर्नाटकात झालेल्या एका लोकसंख्याधारित पाहणीत प्रौढांपैकी सुमारे २५ टक्के व्यक्तींना वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झाल्याचे आढळले. म्हणजे हा विकार विरळा मुळीच नाही.

पाळीच्या सुमारास डोके दुखले म्हणजे ते पाळीशी निगडितच, असे मात्र म्हणता येत नाही. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या २०१८ मधील तिसऱ्या आवृत्तीने यासाठी निकष दिले आहेत. रक्तस्राव सुरू होण्याचा दिवस पहिला धरावा. त्याच्या आधीचे दोन दिवस व पाळीचे पहिले तीन दिवस, अशा पाच दिवसांच्या अवधीत झटका आला पाहिजे, आणि तीनपैकी किमान दोन चक्रांत तसे घडले पाहिजे. केवळ याच अवधीत झटके येत असतील तर ती ‘शुद्ध’ पाळीजन्य अर्धशिशी होय. पण तशा स्त्रिया थोड्या. बहुसंख्य स्त्रियांना इतर दिवशीही त्रास होतो, फक्त पाळीच्या सुमारास तो हमखास होतो. शिवाय हे झटके अधिक तीव्र, अधिक काळ टिकणारे व औषधांना कमी दाद देणारे असतात. आधी डोळ्यांपुढे नागमोडी प्रकाशरेषा दिसणे किंवा दृष्टीचा काही भाग अंधारणे, ज्यास ‘ऑरा’ म्हणतात, ते पाळीच्या झटक्यांत सहसा आढळत नाही.

कारणमीमांसा :

बीजमोचनानंतर बीजांडकोशात तयार होणारा पीतपिंड इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ही दोन्ही संप्रेरके स्रवतो. गर्भधारणा न झाल्यास तो आक्रसतो, दोन्हींची पातळी एकदम घसरते आणि पाळी येते. मग झटक्यास जबाबदार कोण? इस्ट्रोजेनची घसरण, प्रोजेस्टेरॉनची घसरण, की स्वतः रक्तस्राव?

या प्रश्नाचे उत्तर ऑस्ट्रेलियातील चेताशास्त्रज्ञ ब्रायन सोमरविल यांनी १९७२ च्या सुमारास शोधले. त्यांची पद्धत इतकी सरळ होती की ती पदव्युत्तर वर्गात प्रयोगरचनेचे उदाहरण म्हणून शिकवावी. पाळीपूर्वी प्रोजेस्टेरॉन दिले असता रक्तस्राव लांबला, पण अर्धशिशी आपल्या ठरलेल्या वेळी आली. इस्ट्रोजेन दिले असता पाळी वेळेवर आली, पण अर्धशिशी लांबली. म्हणजे रक्तस्राव व डोकेदुखी या एकाच वेळी घडणाऱ्या, पण एकमेकींपासून विलग करता येणाऱ्या घटना ठरल्या. अभ्यासलेल्या स्त्रियांची संख्या अल्प होती, हे खरे. तरीही इस्ट्रोजेनच्या माघारीची ही उपपत्ती पुढे टिकून राहिली. बीजमोचनाच्या वेळीही इस्ट्रोजेन घसरते, मग तेव्हा झटका का येत नाही, असा आक्षेप येथे संभवतो. त्याचे उत्तरही सोमरविल यांच्याच पुढील कामात मिळते : काही दिवस पातळी चढी राहून नंतर ती घसरावी लागते, क्षणिक चढउतार पुरेसा नसतो.

याच्या जोडीला आणखी एक घटक आहे. गर्भाशयाचे अस्तर सुटताना प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्ये बाहेर पडतात. त्यांच्यामुळेच ओटीपोटात कळा येतात, आणि पाळीच्या पहिल्या एक-दोन दिवसांतील डोकेदुखीतही त्यांचा वाटा असतो. कळा व डोकेदुखी या दोहोंवर नेप्रोक्सेनसारखी औषधे उपयोगी पडण्याचे कारण हेच. मेंदूच्या आवरणांतील वेदना वाहून नेणाऱ्या ट्रायजेमिनल चेतेतून सीजीआरपी नावाचे प्रथिनांश द्रव्य स्रवते व झटका पेटतो. या कार्यपद्धतीच्या उलगड्यासाठी एडविन्सन, गोड्सबी, मॉस्कोविट्झ व ओलेसेन यांना २०२१ चे ब्रेन पारितोषिक मिळाले.

हीच उपपत्ती पुढील आयुष्यालाही लागू पडते. गरोदरपणाच्या उत्तरार्धात इस्ट्रोजेन स्थिर व उच्च असल्याने अनेकींचा त्रास ओसरतो, बाळंतपणानंतर परततो. रजोनिवृत्तीपूर्व वर्षांत पातळी अनियमित झाल्याने वाढतो आणि निवृत्तीनंतर बहुधा कमी होतो.

संप्रेरकयुक्त गोळ्यांचा प्रश्न :

येथे विषय केवळ ज्ञानाचा राहत नाही. शासकीय केंद्रांतून मिळणाऱ्या ‘माला-एन’च्या पाकिटात २१ गोळ्या संप्रेरकांच्या व ७ लोहाच्या असतात. लोहाच्या गोळ्यांच्या आठवड्यात शरीरातील इस्ट्रोजेन घसरते आणि नेमका तेव्हाच काहींना झटका येतो. गोळी सोसत नाही म्हणून ती सोडणाऱ्या स्त्रीला या सात गोळ्यांचे गणित कोणी सांगितलेले नसते.

याहून गंभीर बाब ऑराची आहे. ऑरासह अर्धशिशी असलेल्या स्त्रियांत मेंदूतील रक्तपुरवठा खंडित होऊन पक्षाघात होण्याचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो. इस्ट्रोजेनयुक्त गोळीने त्यात भर पडते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार अशा स्त्रियांनी, वय कितीही असो, संयुक्त गोळ्या घेऊ नयेत. ऑरा नसला तरी वयाच्या ३५ वर्षांनंतर त्या सामान्यतः टाळाव्यात. तरुण स्त्रीत पक्षाघात मुळातच विरळा, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु ‘डोळ्यांपुढे कधी चमकते का?’ हा एक प्रश्न गोळी देण्यापूर्वी विचारला जाणे अगत्याचे आहे.

गणेशोत्सव, लग्नकार्य वा तीर्थयात्रा आली की पाळी पुढे ढकलणाऱ्या नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून सर्रास, अनेकदा चिठ्ठीशिवाय, घेतल्या जातात. या गोळ्यांनी पाळी लांबते. अर्धशिशी टळेलच असे नाही. त्यांतील द्रव्याचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनसदृश द्रव्यात रूपांतरित होत असल्याने ऑरा असणाऱ्यांनी त्या परस्पर घेऊ नयेत. त्यातच कडक उपवास, जागरण व गोंगाट. उपाशी राहणे हे अर्धशिशीचे सुपरिचित निमित्त आहे. हरतालिकेनंतरच्या डोकेदुखीचा दोष मग पुन्हा पित्ताकडे जातो!

नोंद व उपचार :

निदानासाठी महागड्या तपासण्यांपेक्षा किमान तीन महिन्यांची लेखी नोंद अधिक मोलाची असते. संप्रेरकांची रक्ततपासणी येथे फारशी उपयोगी पडत नाही, कारण अशा स्त्रियांतील पातळ्या सामान्यच असतात; भेद असतो तो मेंदूच्या संवेदनशीलतेत. दुधाचा हिशेब लिहिल्या जाणाऱ्या भिंतीवरील दिनदर्शिकेवर पाळीचे दिवस, डोकेदुखीचे दिवस व घेतलेली गोळी अशा तीन खुणा केल्या तरी काम भागते. पाळी नियमित असल्यास पाळीच्या आसपासचे काही दिवस नेप्रोक्सेन किंवा फ्रोवाट्रिप्टान घेऊन झटका रोखण्याचा उपाय चिकित्सक सुचवू शकतात. अनियमित असल्यास हे जमत नाही. इस्ट्रोजेनचा लेप लावून घसरण भरून काढण्याचाही प्रयोग झाला, परंतु लेप थांबताच झटके उशिरा का होईना परतले.

वेदनाशामकांच्या संख्येवर मात्र कडक लक्ष हवे. साध्या गोळ्या महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, अथवा ट्रिप्टान वा मिश्र गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून अधिक काळ चालले तर औषधच नव्या डोकेदुखीचे कारण बनते. डोकेदुखी अचानक व अभूतपूर्व तीव्र असणे, तापासह असणे, हातपाय लुळे पडणे किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू होणे, यांपैकी काहीही घडल्यास ती अर्धशिशी समजून घरी थांबू नये.

महाविद्यालयीन संदर्भ :

बिहार शासनाने १९९२ पासून महिला कर्मचाऱ्यांना दरमहा दोन दिवसांची विशेष रजा दिली. केरळने जानेवारी २०२३ मध्ये उच्चशिक्षण विभागाखालील विद्यापीठांतील विद्यार्थिनींसाठी उपस्थितीची अट ७५ वरून ७३ टक्क्यांवर आणली. अशा सवलतींमुळे स्त्रिया मागे पडतील की पुढे येतील, याविषयी मतभेद आहेत व ते प्रामाणिक आहेत. तथापि अर्धशिशीचा झटका सहसा ४ ते ७२ तासांत ओसरतो आणि विद्यार्थिनी वैद्यकीय प्रमाणपत्र आणेपर्यंत तिच्यात आजाराची खूणही उरलेली नसते. आपले सध्याचे नियम दिसणाऱ्या आजारांसाठी घडलेले आहेत. पर्यवेक्षणाच्या खोलीत लखलखणाऱ्या ट्यूबखाली डोळे मिटून बसलेल्या परीक्षार्थीला जागा बदलून देण्यासाठी मात्र कोणत्याही शासननिर्णयाची आवश्यकता भासत नाही.