जाहिरात खात्याचे निलंबन : कारणे आणि उपाय

शिष्यवृत्ती परीक्षेच्या सराव प्रश्नपत्रिका, शासन निर्णय, बाजारभाव, पीकसल्ला अशी उपयुक्त माहिती देणारी अनेक मराठी संकेतस्थळे आज ग्रामीण भागातून चालविली जातात. ती चालविणाऱ्यांत शिक्षक आहेत, पदवीधर तरुण आहेत, शेतकरीही आहेत. ही माहिती बहुधा विनामूल्य दिली जाते. साहजिकच संकेतस्थळाचा वार्षिक खर्च भागविण्यासाठी जाहिरातींच्या उत्पन्नाचा आधार घ्यावा लागतो. हे जाहिरात खाते निलंबित झाले की उत्पन्न थांबते आणि घाबरून जाऊन भलताच मार्ग धरला जातो. मूळ निलंबनापेक्षा अशा घाईने होणारे नुकसान अधिक मोठे असते. म्हणून या विषयाची नीट माहिती असणे अगत्याचे आहे.

जाहिरातीमागील व्यवहार

संकेतस्थळांवर जाहिराती पुरविणाऱ्या योजनांपैकी गूगल कंपनीची अ‍ॅडसेन्स ही योजना सर्वपरिचित आहे. ती २००३ मध्ये सुरू झाली. २०१४ मध्ये हिंदी भाषेचा तीत समावेश झाला आणि पुढे मराठीचाही झाला. या व्यवहारात तीन पक्ष असतात : पैसे देणारा जाहिरातदार, जागा देणारा संकेतस्थळचालक आणि दोहोंमधील मध्यस्थ म्हणजे ही कंपनी. पूर्वी मोबदला मुख्यत्वे वाचकाने जाहिरातीवर केलेल्या क्लिकवर अवलंबून असे. २०२४ पासून जाहिरात किती वेळा दाखविली गेली यावर तो देण्याची पद्धत आली.

पद्धत कोणतीही असो, पैसा जाहिरातदाराच्या खिशातून जातो. बियाणे विकणाऱ्या व्यापाऱ्याची जाहिरात खऱ्या शेतकऱ्याने पाहावी, एवढीच त्याची अपेक्षा असते. कोणी केवळ उत्पन्न वाढविण्यासाठी ती वारंवार उघडली, तर व्यापाऱ्याचा पैसा वाया जातो. अशा बनावट भेटींना व क्लिकना ‘अवैध वर्दळ’ म्हणतात. खात्यांचे निलंबन बहुधा याच कारणाने होते.

तीन पायऱ्या

निलंबन आणि बडतर्फी यांतील भेद शासकीय सेवकांस चांगला परिचित आहे. येथेही तो भेद ध्यानात ठेवला पाहिजे. पहिली पायरी जाहिरातींवरील मर्यादेची. खाते चालू राहते. परंतु वर्दळीची तपासणी होईपर्यंत थोड्याच जाहिराती दाखविल्या जातात. दुसरी पायरी निलंबनाची. जाहिराती पूर्णपणे थांबतात आणि देय रक्कम रोखून धरली जाते. अवैध वर्दळीमुळे होणाऱ्या निलंबनाची मुदत साधारणपणे ३० दिवसांची असते. या निलंबनावर अपील नाही. मुदत संपल्यावर खाते आपोआप पूर्ववत होते. अवैध ठरलेली रक्कम मात्र कापली जाते व शक्य तेथे जाहिरातदारास परत केली जाते. तिसरी पायरी खाते बंद करण्याची. तीवर अपील करता येते; परंतु ते फेटाळले गेल्यास पुन्हा खाते मिळत नाही.

तात्पर्य, कळविण्यात आलेला निर्णय यांपैकी कोणत्या पायरीचा आहे, हे प्रथम पाहावे.

कारणे कोठे शोधावीत

प्रत्येक वेळी लबाडीच असते असे नव्हे. पुष्कळदा अज्ञान कारणीभूत होते. संकेतस्थळचालक स्वतःच्याच जाहिराती उघडून पाहतो. ‘गुरुजींना मदत होईल’ या भावनेने विद्यार्थी शाळेच्या संगणकावरून त्यांवर क्लिक करतात. ‘जाहिराती पाहून सहकार्य करावे’ असा संदेश व्हॉट्सअ‍ॅप गटात पाठविला जातो. ही विनंती सद्‌भावनेची असली, तरी नियमाने निषिद्ध आहे. वाचकसंख्या वाढवून देण्याचे आश्वासन देणाऱ्यांकडून विकत घेतलेल्या भेटी हे आणखी एक कारण होय. त्या भेटी पुष्कळदा माणसांच्या नसून यंत्रांच्या असतात. ‘पुढील पान’ किंवा ‘डाउनलोड’ या बटणाला खेटून जाहिरात ठेवल्यासही वाचकाचा चुकून तिच्यावर क्लिक होतो.

तीस दिवसांचा उपयोग

निलंबनाचा काळ हा आत्मपरीक्षणाचा काळ समजावा. भेटींच्या अहवालातून कोणत्या दिवशी, कोणत्या पानावर व कोणत्या ठिकाणाहून वर्दळ एकाएकी वाढली, हे पाहावे. विकत घेतलेली वर्दळ ताबडतोब बंद करावी. जाहिरातींच्या जागा बदलाव्यात. घरातील व शाळेतील सर्वांना जाहिरातींवर क्लिक न करण्याविषयी समज द्यावी. कोणी आकसाने वारंवार क्लिक करीत असल्याचा संशय आल्यास कंपनीच्या विहित अर्जाद्वारे ते कळविता येते. केलेल्या दुरुस्त्यांची दिनांकवार नोंद ठेवावी. पुढे खाते बंद होऊन अपील करण्याची वेळ आलीच, तर हीच नोंद उपयोगी पडते. अपिलात कारण व उपाय थोडक्यात, परंतु खरेपणाने मांडावेत.

निर्णय अवैध वर्दळीचा नसून मजकुराविषयीचा असेल, उदाहरणार्थ दुसऱ्याचा मजकूर जसाच्या तसा उतरविल्याचा, तर संबंधित मजकूर काढून वा सुधारून फेरतपासणीची विनंती करता येते.

टाळावयाच्या गोष्टी

दुसऱ्या नावाने नवे खाते उघडणे हा सर्वांत घातक मार्ग होय. एका व्यक्तीस एकच खाते ठेवता येते. आडवाट लक्षात आल्यास दोन्ही खाती गमवावी लागतात. पैसे घेऊन खाते पूर्ववत करून देतो असे सांगणाऱ्यांपासूनही सावध राहावे. कंपनीचा निर्णय त्यांच्या हाती नसतो. त्यांना परवलीचा शब्द वा ओटीपी दिल्यास बँक खात्यासही धोका पोहोचतो. फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.

शासकीय सेवकांनी आणखी एक दक्षता घ्यावी. खाजगी व्यवसायाविषयी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांत तरतुदी आहेत; जिल्हा परिषद सेवकांसाठी १९६७ चे स्वतंत्र वर्तणूक नियम आहेत. जाहिरातींपासून उत्पन्न घेण्यापूर्वी सक्षम अधिकाऱ्याचे मत घ्यावे. नियमाच्या भीतीने नातेवाइकाच्या नावाने खाते उघडल्यास निलंबनाच्या वेळी खातेदार एक व चालक दुसरा, अशी अवघड स्थिती निर्माण होते.

ग्रामीण मराठी वाचकास विनामूल्य ज्ञान मिळावे, हा या संकेतस्थळांचा हेतू स्तुत्य आहे. हा उपक्रम टिकावयाचा, तर जाहिरातदाराचा पैसाही विश्वस्त वृत्तीने वापरला गेला पाहिजे. ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांनी आपल्या गावातील तरुण संकेतस्थळचालकांना ही माहिती वेळीच करून दिल्यास त्यांचे श्रम व्यर्थ जाणार नाहीत.