ते भाषण रोमानं ऐकलंच नव्हतं

डेव्हिड मॅमेट यांचं ‘ग्लेनगॅरी ग्लेन रॉस’ हे नाटक १९८३ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये आलं, पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं आणि १९९२ मध्ये जेम्स फोली यांनी त्यावर चित्रपट केला. तिकीटबारीवर तो फारसा चालला नाही. पुढच्या तीसेक वर्षांत मात्र त्यातला एकच प्रवेश सुटा होऊन सगळीकडे फिरला. ॲलेक बाल्डविनचा ब्लेक मुख्य कार्यालयातून येतो आणि जमिनी विकणाऱ्या सेल्समनना फैलावर घेतो. पहिलं बक्षीस कॅडिलॅक, दुसरं सुऱ्यांचा संच, तिसऱ्याला नारळ. विक्रीच्या प्रशिक्षणात हे भाषण स्फूर्ती म्हणून दाखवतात, आणि चित्रपट तर नेमकं याच्या उलट सांगतो.

त्या बैठकीला अल पचिनोचा रोमा हजरच नसतो. तो हॉटेलात लिंक नावाच्या एकाकी माणसाशी गप्पा मारत बसलेला असतो, आणि सौदा जमतो तो त्याचा. ज्यांनी भाषण ऐकलं, त्यांच्यातला मॉस कचेरी फोडायचा बेत आखतो, ॲरनॉव धास्तावतो, आणि जॅक लेमनचा लेव्हीन भर पावसात मॅनेजरच्या गाडीत बसून चांगल्या गिऱ्हाइकांच्या नावांसाठी गयावया करतो. वीस टक्के आणि वर नावामागे पन्नास डॉलर द्यायला तयार होतो. मॅनेजर रोख मागतो. लेव्हीनच्या खिशात तेवढे नसतात. लेमन यांनी इथे ओशाळलेपण लपवण्यासाठी चेहऱ्यावर जे हसू टिकवून धरलंय, ते पाहवत नाही. त्याच रात्री चोरी होते, ती लेव्हीनच्या हातून. सकाळी तो ८२ हजारांच्या सौद्याची बढाई मारतो, पण तो चेक वटणारा नसतो.

यावर कुणी म्हणेल की मूळ नाटकात ब्लेक नाही, तरी चोरी होतेच. मग भाषणाला दोष का? मुद्दा रास्त आहे. पण स्पर्धा आणि तिचा नियम नाटकातही आहेत: चांगली नावं, जो विकेल त्यालाच. विक्री घसरलेल्या माणसाला त्यातून वर यायला वाटच उरत नाही, आणि मॅमेट यांनी चित्रपटासाठी लिहिलेला ब्लेक हा नियम फक्त मोठ्यानं बोलून दाखवतो. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. कवडीमोल जमिनी गळ्यात मारणाऱ्यांची कीव कशाला करायची? चित्रपट त्यांना निर्दोष ठरवत नाही. सौदा मोडायला आलेल्या लिंकला रोमा थापा मारून मुदत टळेपर्यंत झुलवू पाहतो. मॅनेजरच्या एका वाक्यानं बिंग फुटतं, आणि तरीही लिंक जाताना रोमाचीच माफी मागतो. वरून आलेला दाब अखेर येऊन पडतो तो या गिऱ्हाइकावर, आणि प्रशिक्षणात दाखवल्या जाणाऱ्या तुकड्यात तो कुठेच नसतो.