वाचनालयाचं वीजबिल कोण भरतं?

कुठल्याही जुन्या सार्वजनिक वाचनालयात जा आणि मान वर करून पाहा. पंख्याच्या पात्यावर कुणाच्या तरी स्मरणार्थ म्हणून नाव असतं. कपाटाच्या काचेवर नाव, घड्याळावर नाव, पाण्याच्या टाकीवर नाव. आमचं कन्हान हे कोळसा खाणींच्या शेजारचं गाव. इथं देणगी म्हणजे बहुधा पगाराच्या दिवशी दिलेले पन्नास-शंभर रुपये. या पैशावर वाचनालयाचं काय चालतं आणि काय अडतं, ते आज जरा हिशेबानं सांगतो.

पुष्कळांना वाटतं, सार्वजनिक वाचनालय म्हणजे सरकारी. तसं नाही. रत्नागिरीचं वाचनालय 1828 चं आणि राज्याचा ग्रंथालय कायदा 1967 चा. मधली जवळजवळ 140 वर्षं वर्गणीदारांनी आणि दात्यांनी काढली. मुंबईत काळा घोड्याजवळच्या ग्रंथालयाला डेव्हिड ससून यांनी 60 हजार रुपये दिले, म्हणून आजही ते त्यांच्या नावानं ओळखलं जातं. कायदा झाल्यावरही मालकी सरकारकडे गेली नाही. गावातली चार माणसं संस्था नोंदवतात, धर्मादाय कार्यालयात न्यास म्हणून नोंद करतात, मग शासन मान्यता देतं, 'अ' ते 'ड' असा वर्ग ठरवतं आणि त्याप्रमाणे अनुदान देतं. 2012 पासून बरीच वर्षं नवी मान्यता देणंच थांबलं होतं. त्या काळात ज्यांनी नवं वाचनालय उघडलं, त्यांना देणगीशिवाय दुसरा आधारच नव्हता.

अनुदानाची खरी मेख पुढंच आहे. मान्य झालेल्या खर्चाच्या 90 टक्के किंवा त्या वर्गासाठी ठरलेली कमाल रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती मिळते. ऐकायला वाटतं, संस्थेनं फक्त 10 टक्के उभे करायचे! पण समजा, कमाल रक्कम 1 लाख आहे आणि खर्च झाला दीड लाख. 90 टक्के म्हणजे 1 लाख 35 हजार. मिळणार मात्र 1 लाखच. वरचे 50 हजार संस्थेनं आणायचे. म्हणजे 10 टक्क्यांचे 33 टक्के झाले. 2012 नंतर अनुदानात मोठी वाढ झाली ती थेट 2022 मध्ये, 60 टक्के. मधल्या दहा वर्षांत कागद महागला, वीज महागली, कपाट महागलं, कमाल रक्कम जागच्या जागी. शिवाय अनुदान येतं हप्त्यांनी. हप्ता लांबला की ग्रंथपालाचा पगार लांबतो, आणि तो पगार किती तुटपुंजा असतो ते इथं न बोललेलंच बरं.

अमेरिकेतले पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांचा हिशेब याच्या अगदी उलट होता. त्यांच्या पैशातून जगभरात अडीच हजारांवर ग्रंथालयं उभी राहिली. ते इमारत बांधून देत; पण गावानं जागा द्यायची आणि इमारतीच्या खर्चाच्या 10 टक्के रक्कम दरवर्षी ग्रंथालय चालवायला द्यायची, ही अट. लहानपणी तार कचेरीत निरोप्याचं काम करत असताना एका कर्नल अँडरसन यांनी आपली चारशे पुस्तकं शनिवारी कामगार मुलांना खुली केली होती. ती आठवण कार्नेगींनी जन्मभर जपली. त्यांच्याच कारखान्यातल्या मजुरांचं म्हणणं वेगळं होतं. बारा-बारा तास राबून वाचायचं कधी? खाणीच्या गावात राहणाऱ्या मला हा प्रश्नही तितकाच खरा वाटतो. तरी त्यांची अट मला शहाणपणाची वाटते. इमारत एकदाच बांधावी लागते, झाडलोट रोज.

आपल्याकडचा दाता नेमका इथं मागं सरतो. पंखा द्यायला चार जण तयार असतात, पंखा फिरवणाऱ्या विजेचं बिल द्यायला कुणी नसतं. बिलावर नाव कुठं लिहिणार? यावर जुन्या मंडळींनी काढलेला तोडगा म्हणजे कायम ठेव. मुद्दल बँकेत, व्याजातून वर्षाचं व्याख्यान किंवा मुलांची स्पर्धा. 1 लाखाच्या ठेवीवर सहा-सात हजार मिळतात. पण ठेव देताना 'फक्त अमुक व्याख्यानासाठीच' अशी अट घातली, की छत गळत असलं तरी त्या व्याजाला हात लावता येत नाही. अट थोडी सैल ठेवा, एवढंच माझं सांगणं.

इमारतीशिवाय पुस्तकं पोहोचवण्याची एक रीत नाशिकनं दाखवली. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या विनायक रानडे यांनी 2009 मध्ये 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना सुरू केली. शंभर पुस्तकांची एक पेटी, तिच्याभोवती साधारण पस्तीस वाचकांचा गट, आणि काही महिन्यांनी दुसऱ्या गटाशी पेटीची अदलाबदल. पैसा आला लोकांच्या वाढदिवसाच्या देणग्यांतून, आणि पेट्या थेट दुबईपर्यंत गेल्या. ना भाडं, ना वीजबिल.

पण बसायची जागा पेटीत मावत नाही. पोलीस भरतीचा, तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं-पोरी वाचनालयात येतात ती पुस्तकांपेक्षा शांततेसाठी. दोन खोल्यांच्या घरात सहा माणसं, त्यात टीव्ही. आमच्याकडे संध्याकाळी आठला दिवे बंद व्हायचे. खाणीतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी वर्षाचं वीजबिल अंगावर घेतलं आणि वेळ दहापर्यंत गेली. नाव कुठंच नको, म्हणाले. आमच्यात अशा दानाला सदका-ए-जारिया म्हणतात, देणारा गेला तरी चालू राहणारं दान. पण खजिनदार ऐकेनात. निनावी पैसा हिशेब तपासणीत अडचणीचा, पावतीवर नाव हवंच.

पावती तुम्हीही मागून घ्या. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत, संस्थेची तशी नोंदणी असेल तर, दिलेल्या रकमेच्या निम्म्यावर सवलत मिळते. मात्र 2 हजारांवरची रोख रक्कम धरत नाहीत, तेव्हा धनादेश द्या. नव्या पद्धतीत ही सवलत नाही. आणि पुस्तकंच द्यायची असतील तर आधी यादी पाठवा. माळ्यावरची वाळवी लागलेली गाइडं पोत्यात भरून आणू नका. ती रद्दीत घालायलाही ग्रंथपालाचा अख्खा दिवस जातो.