सही खोटी, तर सौदा खरा कसा?

वडिलांच्या इंतकालनंतर चार-सहा वर्षांनी एखाद्या बहिणीला कळते की गावाकडची जमीन विकली गेली. खरेदीखतावर तिचे नाव आहे, नावापुढे सहीही आहे. फक्त ती सही तिने केलेली नाही. मग घरात बैठक बसते. कोणी म्हणतो, "रजिस्टर झालेला कागद आहे, आता काय होणार?" कोणी म्हणतो, "सख्ख्या भावावर केस करणार का?" आणि बहीण गप्प बसते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याने त्याने आपल्या मनाशी द्यावे. पण पहिला समज चुकीचा आहे आणि तो घराघरातून जायला हवा.

रजिस्टर झाले म्हणजे मालकी गेली असे नाही

दुय्यम निबंधक कार्यालयात मुद्रांक शुल्क भरले का, कागद करून देणारा हजर आहे का, त्याला तो कबूल आहे का, हे पाहिले जाते. जमीन खरोखर त्याचीच आहे का, याचा निवाडा तिथे होत नाही. जे आपले नाही ते विकता येत नाही, हा खरेदी-विक्रीचा पाया आहे. म्हणून जिची सही खोटी, तिच्या हिश्शापुरता तो कागद पहिल्या दिवसापासून शून्य असतो. घेणाऱ्याने प्रामाणिकपणे पूर्ण पैसे मोजले असले, तरी तिचा हिस्सा त्याच्याकडे जात नाही. सातबाऱ्यावर फेरफार झाला, तरी त्यानेही मालकी बदलत नाही. फेरफार ही महसुलाची नोंद आहे.

मात्र नोंदणी झालेला दस्त खरा आहे असे धरूनच न्यायालय सुरुवात करते. सही खोटी आहे हे सिद्ध करण्याचे ओझे तसे म्हणणाऱ्यावर असते. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये हे स्पष्ट केले आहे.

बत्तीस गुंठ्यांचा हिशेब

समजा, मरहूमांच्या नावावर 32 गुंठे जमीन होती. आई-वडील आधीच वारलेले. मागे बीवी, एक मुलगा आणि दोन मुली. कर्ज आणि वसीयत काही नाही. बीवीचा आठवा हिस्सा म्हणजे 4 गुंठे. उरलेल्या 28 पैकी मुलाला 14 आणि प्रत्येक मुलीला 7. हे हिस्से वडिलांचा श्वास थांबतो त्याच क्षणी ज्याचे त्याला मिळतात. मुस्लिम कायद्यात सगळ्यांच्या वतीने व्यवहार करणारा 'कर्ता' नसतो. थोरला भाऊ असला तरी तो स्वतःच्या 14 गुंठ्यांचाच मालक.

आता त्याने आई-बहिणींच्या सह्या स्वतःच ठोकून 32 गुंठे विकले, तर विक्री फक्त 14 गुंठ्यांपुरती उभी राहते. 18 गुंठे अजून त्या तिघींचेच आहेत. घेणाऱ्याला त्या 18 गुंठ्यांचे पैसे विकणाऱ्याकडूनच वसूल करावे लागतील. म्हणून जमीन घेणाऱ्यानेही प्रत्येक वारसाला, विशेषतः लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बहिणींना, समक्ष भेटल्याशिवाय बयाणा देऊ नये.

फिकहमध्ये परवानगीविना दुसऱ्याची वस्तू विकण्याला 'बैअ-ए-फुजूली' म्हणतात. हनफी मसलकात असा सौदा मालकाच्या मंजुरीपर्यंत लटकलेला, म्हणजे मौकूफ असतो. शाफई मसलकात, आणि कोकणातली बहुतेक घरे शाफईच आहेत, तो मुळातच बातिल. वाट वेगळी, पण मालकाच्या रजामंदीविना मालकी हलत नाही यावर दोन्हींचे एकमत आहे. म्हणूनच नंतर कोणी पाकीट घेऊन आला आणि "एवढ्या पावतीवर सही कर" म्हणाला, तर कागद पूर्ण वाचल्याशिवाय हात लावू नये. ती पावतीच पुढे संमती म्हणून दाखवली जाते.

सही खरी, पण फसवून घेतलेली

हा प्रकार वेगळा आहे. "तलाठ्याकडे द्यायचा आहे" असे सांगून हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला, म्हणजे कागद कसला आहे हेच लपवले, तर तो दस्त शून्य ठरू शकतो. पण कागद कसला ते ठाऊक होते आणि आतल्या मजकुराबद्दल फसवले, तर तो दस्त आव्हान देईपर्यंत चालू राहतो. नवऱ्याने बक्षीसपत्रात जास्तीच्या जमिनी घातल्या अशी एका बाईची तक्रार होती. 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो दस्त दुसऱ्या प्रकारचा मानला आणि मुदत उलटल्यामुळे तिच्या पदरी काही पडले नाही.

कळल्यावर काय करावे

पहिले काम म्हणजे निबंधक कार्यालयातून सूची क्रमांक 2 आणि दस्ताची नक्कल काढणे. अलीकडच्या दस्तांवर फोटो आणि अंगठ्याचा ठसाही असतो. फोटोत दुसरीच बाई असेल, तर अर्धे काम तिथेच झाले.

मग त्याच काळातल्या आपल्या खऱ्या सह्या जमवाव्यात: निकाहनामा, बँकेचे कागद, मुलांची प्रगतिपुस्तके. वडिलांची सही स्वतःच करून प्रगतिपुस्तक आणणारी मुले आम्ही शिक्षक रोज पाहतो. सफाई कितीही असो, अक्षराचे वळण चुगली करते. आपल्याकडच्या कित्येक वयस्कर बायका उर्दूत सही करतात. दस्तावर त्यांची सही मराठीत असेल, तर तोही मुद्दा वकिलाला जरूर सांगावा.

फेरफाराची नोटीस आली असेल, तर साधारण 15 दिवसांच्या मुदतीत लेखी हरकत नोंदवून पोच घ्यावी. झालेला दस्त निबंधक स्वतः रद्द करू शकत नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालयातच जावे लागते. दस्त शून्य ठरवण्याचा आणि वाटपाचा दावा कळल्यापासून तीन वर्षांच्या आत लावावा. काही दाव्यांना मोठी मुदत असते, पण तिच्या भरवशावर थांबू नये.

फौजदारी बाजूही आहे. मौल्यवान दस्ताची बनावट करणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. पूर्वी हे भारतीय दंड विधानात होते, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत आहे. खर्चाची चिंता असलेल्या बहिणींनी तालुका विधी सेवा समितीकडे जावे. 1987 च्या कायद्याने स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो.

इंतकालनंतरचे तीन महिने

भांडण टाळण्याचा सोपा मार्ग सुरुवातीलाच आहे. जमिनीची वारस नोंद तीन महिन्यांत करायची असते. त्या अर्जात आईचे आणि प्रत्येक बहिणीचे नाव घालावे, मग सातबारा सगळ्यांनी मिळून पाहावा. कोणाला हिस्सा सोडायचाच असेल, तर तिने तो खुशीने, वाचून, नोंदणीकृत कागदाने सोडावा.

सूरह बकराची 282वी आयत कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे, आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल, गवाहांबद्दल आणि लिहिणाऱ्याच्या इन्साफबद्दल आहे. चाळीसाव्याला सगळे जमतात तेव्हा फातिहानंतर अर्धा तास काढून वारसांची यादी लिहावी आणि तिच्यावर प्रत्येकाने आपली सही आपल्याच हाताने करावी.